तेल शिंपणारा

तो दिसायच्या आधी गवती चहाचा वास यायचा. पावसाने उघडीप दिली की दहिवलीच्या रस्त्याने हातात डबा घेऊन तो फिरायचा. पूर्वी तो गवती चहाचं तेल काढायच्या भट्टीवर कामाला होता. तेल सांडलं तिथलं गवत करपतं, हे त्याने तिथे पाहिलं होतं. आता साबणाच्या पाण्यात तेच तेल घुसळून तो लोकांच्या अंगणातलं तण जाळून द्यायचा.

मी शाळेत मास्तर, घर नवं बांधलेलं. "सगळं साफ कर," मी सांगितलं. ऊन तापल्याशिवाय तेल गवत जाळत नाही, म्हणून तो पायरीवर बसून राहिला. मग कुंचा बुडवून, वाकून, एकेका रोपावर तेल शिंपडत गेला. दुपारी गवत काळं पडलं. कुंपणाकडचा कोवळा टाकळा मात्र हिरवागार उभा होता.

"ते तण राहिलं की रं."

"मास्तर, तेलाला काय कळतंय, तण कुठलं आन् भाजी कुठली? ते शिंपनाऱ्याला कळाया पायजे. आमच्या आयनं त्या पाल्यावर आमाला जगवलं हाय. तुमी सांगा, जाळू?"

माझ्या आईनेही आम्हा भावंडांना आषाढात टाकळ्यावरच जगवलं होतं. नोकरी लागल्यावर मीच ती भाजी घरात बंद केली होती.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती टोपली घेऊन कुंपणाकडे गेली. हात धुऊन तोही तिच्याबरोबर पाला खुडू लागला. मला दोघांनीही बोलावलं नाही.