साहेबांची पत्रं

“कॉपी ठेवली का?”

टेबलावरून कागद उचलला रे उचलला की अंकलचा हा प्रश्न यायचा. मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर. तुम्ही ‘हो’ म्हणेपर्यंत तो कोपरा सुटायचा नाही. एकदा मी रजेचा अर्ज खरडला आणि पटला नाही म्हणून चुरगळून टोपलीत टाकला. त्यांनी तो काढला, हाताने सरळ केला, त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ कागद पुन्हा चुरगळून टोपलीत टाकला. वर मलाच म्हणाले, “टाकलेल्याचंसुद्धा रेकॉर्ड पाहिजे, बाबा.”

असा एक जण तुमच्याही ऑफिसात असेल आणि तुम्ही त्याला हसत असाल. आम्हीही हसायचो.

आमचं ऑफिस दुबईत, रास अल खोरला, एका गोदामाच्या माळ्यावर. खाली उंच रॅकवर फरश्यांचे आणि नळांचे खोके, वर आम्ही सात-आठ जण. मी माल रवाना करायचं बघायचो, ते आवक-जावक पत्रं. वसईचे ख्रिस्ती गृहस्थ, साठीला टेकलेले. सगळे त्यांना अंकल म्हणत. आम्ही दोघंही दुबईबाहेर, अजमानला राहायचो, त्यामुळे कंपनीच्या गाडीत सकाळ-संध्याकाळ शेजारी बसायचो. रस्ता तुंबलेला असला की दीड-दीड तास. माणूस कळायला तेवढं पुरे होतं.

दुपारच्या सुट्टीत ते पाच मिनिटांत डबा उरकत आणि कॉम्प्युटरवर एक जुनं, पिवळट पत्र उघडत. अमेरिकेतल्या कुठल्याशा ग्रंथालयाने तिथल्या एका अगदी सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षाची पत्रं इंटरनेटवर टाकली होती. सगळी हाताने लिहिलेली, वळणदार. ती वाचून टाइप करून द्यायला जगातल्या कोणालाही मुभा होती, अर्थात फुकट. अंकल मिशनच्या शाळेत कर्सिव्ह गिरवत मोठे झालेले. ते अक्षर त्यांना सकाळच्या पेपरासारखं वाचता यायचं.

बाकीचे हौशी लोक लढायांची आणि राजकारणाची पत्रं धरायचे. अंकल मुद्दाम साधी पत्रं निवडायचे. जेवणाचं आमंत्रण, बियाण्याची मागणी, कवळीची तक्रार, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गावाकडच्या शेताच्या कारभाऱ्याला दर आठवड्याला धाडलेल्या सूचना. राष्ट्राध्यक्षांना ते ‘साहेब’ म्हणत. गाडीत बसल्या बसल्या बातमी द्यायचे, “आज साहेब कुंपणावरून भडकलेत.” पहिल्यांदा मला ते आमचेच मॅनेजर वाटले होते आणि गोदामाला कुंपण कधी घातलं, असा विचार करत मी अर्धा रस्ता गप्प बसलो होतो.

“एवढा मोठा माणूस, देश चालवतोय, आणि विचारतो काय, तर बटाटे लावले का!” अंकल म्हणायचे. “का माहीत आहे? घरी जायचंय त्याला. एक टर्म झाली, बस म्हणाला, तरी लोकांनी पुन्हा बसवला. अडकला बिचारा. आणि पत्रांच्या कॉप्या ठेवायचा, बाबा!” शेवटचं वाक्य ते फार प्रेमाने म्हणत.

अंकलनाही घरी जायचं होतं, आणि तेही अडकले होते. मी नोकरीला लागलो त्याच्या आधीची गोष्ट. जुने मॅनेजर रजेवर असताना विम्यासाठी एक पत्र जायचं होतं, की गोदामातले रॅक तपासले, सगळं ठीक आहे. मॅनेजर फोनवर म्हणाले, पाठवून टाका. बिनसहीचा कागद बाहेर धाडणं अंकलना पाप वाटे. त्यांनी ‘फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ’, म्हणजे मॅनेजरांच्या वतीने, असं टाइप केलं आणि खाली स्वतःची पूर्ण सही केली. दोन महिन्यांनी एक रॅक कोसळला आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाचा पाय त्याखाली गेला. मॅनेजर तोवर दुसऱ्या देशात नोकरीला लागले होते. पोलीस आले, पण ते पत्र कोणाला सापडेना. तेव्हा अंकल उठले, फाइल काढली आणि आपल्याच सहीची कॉपी आपल्याच हाताने पोलिसांपुढे ठेवली.

हे मला कळलं तेव्हा मी वैतागून म्हणालो, “अहो, गप्प बसायचं ना!”

“मागितली ना त्यांनी? मग कॉपी ठेवतात ती कशाला?”

केस उभी राहिली. अंकलचा पासपोर्ट कोर्टात जमा झाला आणि निकाल लागेपर्यंत देश सोडायला बंदी आली. या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली होती. कोणी त्यांना डांबून ठेवलं नव्हतं. सकाळी गाडी, दुपारी डबा, रविवारी संध्याकाळी चर्च, येताना दूध आणि पाव. पाहणाऱ्याला वाटावं, माणूस मजेत आहे. कंपनीने वकील दिला होता. नवे मॅनेजर त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचे, “अंकल, नेक्स्ट हिअरिंग में खलास, इन्शाल्ला.” अंकलही ‘इन्शाल्ला’ म्हणायचे आणि पुढची तारीख कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचे. बाकी सगळं आयुष्य पेनने लिहिणारा माणूस तो, पण या तारखा पेन्सिलीने.

वसईला त्यांची बायको, आपल्या बहिणीबरोबर राहायची. मूलबाळ नव्हतं. तिला काचबिंदू झाला होता आणि तो फार उशिरा कळला. बाजूची नजर गेली होती, समोरची राहिली होती, तीही आक्रसत चालली होती. साहेबांसारखंच अंकलही तिला दर आठवड्याला पत्र लिहायचे. चर्चजवळच्या झेरॉक्सवाल्याला ते मेल करायचे आणि तो छापून घरी पोचवायचा. तिला वाचता यावं म्हणून अंकलनी अक्षर मोठं केलं, मग आणखी मोठं केलं. शेवटी तिने निरोप धाडला की मोठं अक्षर नजरेत मावत नाही, बारीकच बरं, पण ओळी आखूड कर. तेव्हापासून अंकल एका ओळीत तीनच शब्द टाइप करायचे. चार पानांचं पत्र एखाद्या लांबलचक वाणसामानाच्या यादीसारखं दिसायचं.

एका संध्याकाळी गाडी अडकून पडलेली असताना ते म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर दिसेल. फार तर दीड. मला दुसरं काही नको, बाबा. तिने मला एकदा बघावं. मी काय, तिला केव्हाही बघेन. तिने बघायला पाहिजे.”

मी काहीतरी ‘होईल, होईल’ असं पुटपुटलो.

आता त्या कपाटाबद्दल सांगतो. अंकलच्या खुर्चीच्या मागे एक करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं. त्यात आमचे सगळ्यांचे पासपोर्ट होते, गोदामातले हमाल, ड्रायव्हर, आम्ही, मिळून अडतीस. असे पासपोर्ट ठेवून घेणं कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून रुजू होताना एक फॉर्म भरून घ्यायचे, की मी स्वखुशीने पासपोर्ट कंपनीकडे सांभाळायला देत आहे. तो फॉर्म अंकलनीच टाइप केलेला, आणि कपाटाची चावीही त्यांच्याच कमरेला.

त्या वर्षी पुण्याला माझ्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी रजा मागितली. मॅनेजर म्हणाले, “अभी सीझन है. रमादान के बाद देखेंगे.” रमादानला अजून तीन महिने होते. मी अंकलपाशी गेलो.

“अंकल, कपाट तुमच्या पाठीमागे आहे. माझा पासपोर्ट द्या.”

“मॅनेजमेंटचं अप्रूव्हल पाहिजे, बाबा.”

“आई आहे माझी!”

“मला कळतंय. पण माझी केस त्यांच्याच वकिलाच्या हातात आहे.”

मी फार वाईट बोललो त्यांना. म्हणालो, “तुम्ही अडकलात, म्हणून आम्ही सगळे अडकलेलेच बरे वाटतो तुम्हाला.” ते चष्मा काढून पुसत राहिले. त्यानंतर चार दिवस आम्ही गाडीत शेजारी बसलो आणि एक शब्द बोललो नाही.

पाचव्या दिवशी तेच बोलले. खिडकीबाहेर बघत.

“साहेबांच्या घरातली एक बाई पळाली.”

मी फोनमध्ये बघत राहिलो.

“साहेबांच्या बायकोची मोलकरीण. जहाजात बसून दुसऱ्या गावाला गेली. साहेबांनी अधिकाऱ्याला पत्र लिहिलंय, तिला शोधा आणि परत पाठवा म्हणून. वर तक्रार काय, तर घरच्यासारखी वागवली, तरी गेली.” मग म्हणाले, “किती दिवस मी त्यांच्या शेताची पत्रं टाइप करतोय. हा आजारी, तो कुंपणाला, ती विणायला. मी त्यांना कामगार समजत होतो. गुलाम होते ते, बाबा. एकाही पत्रात कोणी रजेवर गेलेला नाही, हे मला दिसायला पाहिजे होतं.”

“मग? सोडून दिलंत ते पत्र?”

“सोडून कसं चालेल? टाइप केलं. सगळंच्या सगळं. दोन दिवस लागले.”

मला वाटलं, विषय संपला. अंकल आता दुसरा छंद शोधतील, तिकिटं-बिकिटं जमवतील, असंही मनात येऊन गेलं. तेवढीच माझी समज.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मॅनेजर बंदरावर गेले होते. दुपारी बारा वाजता अंकलनी कपाट उघडलं, टेबलावर नवीन रजिस्टर ठेवलं आणि खालून एकेकाला वर बोलवायला सुरुवात केली. पहिलं नाव माझं होतं. “इथे सही. तारीख घाल. पासपोर्ट नीट उघडून बघ, तुझाच आहे ना?” मी बघितला. फोटोतला मी सहा वर्षांनी तरुण होतो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दीड तासात कपाट रिकामं झालं. हमाल पासपोर्ट शर्टाच्या आत घालून जिना उतरत होते. एका पठाणाने अंकलचा हात हातात घेतला तर अंकल म्हणाले, “यल्ला, यल्ला, चलो, पीछे लाइन है.” मग त्यांनी मॅनेजमेंटला पत्र टाइप केलं, की सर्व पासपोर्ट ज्याचे त्याला परत केले आहेत, रजिस्टर सोबत. खाली स्वतःची सही केली. यावेळी कोणाच्या वतीने नाही.

संध्याकाळी मॅनेजर परतले. त्यांनी पत्र वाचलं, दार लावून घेतलं नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, “अंकल, आपको घर जाना है कि नहीं?”

“जाना है, सर,” अंकल म्हणाले.

आठवड्याभरात वकिलाने केस सोडली. अंकलची बदली दुबईपासून दूर, पलीकडच्या किनाऱ्यावर फुजैराला झाली, तेलाच्या टाक्यांपलीकडे कंपनीचं एक यार्ड आहे तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये. तिथे पत्रव्यवहार नावाची गोष्टच नव्हती. कोर्टाची तारीख आली की आता ते बस बदलत बदलत दुबईला येतात आणि सरकारी कागदांवरचं अरबी कोणाकोणाकडून वाचून घेतात.

मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि निघालो. निघायच्या आदल्या दिवशी फुजैराला जाऊन त्यांना भेटलो. समोर समुद्रात जहाजं तेलासाठी रांगेत उभी होती. मी माफी मागितली. ते म्हणाले, “कशाबद्दल? तू बोललास ते बरोबर नव्हतं, पण अगदी चूकही नव्हतं.” पत्रं अजून उतरवता का, असं विचारलं तर म्हणाले, “उतरवतो. अर्धवट कशाला टाकायचं? पण आता साहेब म्हणत नाही.” मग खिशातून एक पाकीट काढलं. “वसईला जाशील? झेरॉक्सवाल्याच्या हातून नको या वेळी.”

आईचं ऑपरेशन नीट झालं. ती आता जिने चढते आणि माझ्यावर ओरडते. पण वसईला जायला मला सात महिने लागले. नवीन नोकरी, आईचं पथ्यपाणी, अशी कारणं मी मनाशी जुळवत राहिलो. खरं म्हणजे त्या बाईसमोर उभं राहायची माझी छाती होत नव्हती. अंकल अजून फुजैरालाच होते. अजूनही आहेत.

घर चर्चच्या मागच्या गल्लीत, दारात केळी. बहिणीने मला आत नेलं. आंटी खुर्चीत बसल्या होत्या. मी कडेने आलो ते त्यांना दिसलंच नाही. नाव सांगितलं तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“गाडीत त्यांच्या शेजारी बसायचास, तो तू?”

“हो आंटी. पत्र आणलंय.”

“वाचून दाखवेल ती मागाहून. अक्षर आता नाही लागत मला.” त्यांनी हात पुढे केला. “खुर्ची घे आणि इथे समोर बस. बाजूला नको, अगदी समोर. खिडकीकडे तोंड कर.”

मी बसलो. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि त्या माझा चेहरा हळूहळू फिरवायला लागल्या, कपाळ, मग डोळे, मग मिशी. एका वेळी तेवढाच तुकडा दिसत असावा.

“तो बारीक झालाय का रे?”

“थोडे झालेत. केस सगळे पांढरे झाले.”

“येईल म्हणतो दर वेळी.”

मी मान हलवायला गेलो, पण हनुवटी त्यांच्या हातात होती.

“त्याने तुला रोज बघितलंय,” त्या म्हणाल्या. “मग मीही बघून घेते. हलू नको.”

त्यांच्या डोळ्यांत जे काही थोडं उरलं होतं ते अंकलसाठी राखलेलं होतं, आणि ते माझ्यावर संपत होतं. मला तिथून उठता येईना.