बाबांनी तपासून घेतलं

माझे वडील रिसोडच्या बैलबाजारात दलाल होते. दात मोजणं, वशिंड दाबणं, शेपटी उचलून पाहणं, यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. स्वतःच्या अंगाला मात्र ते वैद्याचं बोटही लागू देत नसत.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी मी माहेरपणाला आले होते. धुणं धुताना बाबांच्या धोतरावर तांबूस डाग दिसले. विचारलं तर म्हणाले, "पान सांडलं असन."

"पानाचा डाग सदऱ्यावर पडते बाबा, धोतराले आतून नाही."

आई जवळपास नाही ना, ते त्यांनी पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लघवीतून रगत जाऊन राह्यलं. दुखत नाही काही. तुह्या मायले सांगू नको."

मी लगेच आईला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी त्यांना बैलांच्या दमणीत बसवून वाशीमच्या डॉक्टरांकडे नेलं. आत गेलेले बाबा घटकाभरात तणतणत बाहेर आले.

"हा मानूस मले कुठून तपासतो म्हनते, मालूम हाय का?"

आई जागची हलली नाही. "तुमी गोऱ्ह्याची शेपटी उचलता तवा गोऱ्हा काही बोलते का? जा आत."

बाबा निमूट आत गेले. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही, याचीच मला काळजी वाटते. नागपूरला जाऊन या."

नागपूरच्या सर्जननी बारीक दिव्याच्या नळीतून मूत्राशयात पाहिलं. आत अळंबीसारखी गाठ होती. "कॅन्सर आहे," ते म्हणाले, "पण देठावर उभा आहे. खोल गेलेला दिसत नाही. काढून टाकू."

ओटीपोट उघडून त्यांनी गाठ काढली. त्रास नंतर सुरू झाला. लघवी वाहून जायला पोटात ठेवलेली रबरी नळी काढल्यावर भोक बुजायला हवं होतं, ते बुजेना. लघवी जखमेतून झिरपायची, अंथरूण भिजायचं, वर ताप. बाजार दणाणून सोडणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. सर्जन स्वतः पट्टी बदलत. म्हणाले, "असं होऊ शकतं, हे मी आधी बोललो होतो. आता खालच्या वाटेनं नळी ठेवू. मूत्राशयाला विसावा मिळाला की जखम भरेल."

जखम भरायला बरेच दिवस लागले. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर बाबा उठून बसलेले.

"माये, चादर चाचपून पाह्य."

चादर कोरडी होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही त्यांनी ती चाचपायला लावली.

त्यानंतर ठरल्या वेळी नागपूरला जाऊन त्या दिव्याच्या नळीतून तपासून घेणं आलं. बाबा कुरकुरत, पण चुकवत नसत. एकदा आत लहानसा कोंब पुन्हा दिसला, तो नळीतूनच जाळला. पोट उघडावं लागलं नाही. तेव्हापासून ते भर बाजारात सांगू लागले, "लघवीत रगत दिसलं तं लपवू नोका रे." माणसं इकडेतिकडे पाहत, बैलाच्या पाठीवरून उगाच हात फिरवत.

मग दुपारची सामसूम बघून एकेक जण घरी येऊ लागला. आमच्या गल्लीतले अत्तरवाले चाचाही आले. ओट्यावर बसून इकडचंतिकडचं खूप बोलले आणि उठता उठता म्हणाले, "भाई, मलेही तसंच होऊन राह्यलं. कोनाले बोलू नको."

"कोनाले बोलत नाही. मी तुह्यासंग येतो. माहीबी तपासनी होईन."

दोघं वाशीमहून आगगाडीनं नागपूरला गेले. चाचांच्या मूत्राशयात खडा निघाला, तोही सर्जननी काढला. बाबांचं मूत्राशय स्वच्छ होतं. परत आले ते संत्र्यांची टोपली घेऊन; अर्धी टोपली वाटेतच रिकामी झाली होती.

"दवाखान्यात गेलते का जत्रेले?" आईनं विचारलं.

चाचा सावकाश ओट्यावर टेकले. बाबांनी एक संत्रं सोलून आधी आईच्या हातावर ठेवलं.