पाच पाकळ्यांचं जातं

लोक सोनंनाणं सांभाळतात, अंजनाने चौदा महिने एक दगड सांभाळला. गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे, गोणपाटात गुंडाळून, नवऱ्यालाही पत्ता लागू न देता. रोज सकाळी म्हशीला पेंड घालताना ती वाकून बघायची, आहे ना जागेवर. असायचाच. दगड कुठे जातो! तरी बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

कुरणवाडी इस्लामपूरपासून आठ किलोमीटर. तेवढ्या रस्त्यावर अंजनाची पोरगी गेली. राजनंदिनी, घरात नंदू. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माघातली सकाळ, धुकं पडलेलं. स्कूटीवरून निघाली आणि ओढ्याच्या वळणावर आडवी झाली. डोकं कठड्यावर आपटलं. पंचनाम्यात लिहिलं, वाहन भरधाव. गावाने त्यात आपली भर घातली. मोबाईल बघत असणार. आजकालच्या पोरींना वारं लागलेलं असतं. बापाने स्कूटी घेऊन दिली नसती तर? तेराव्याच्या पंगतीत भात कालवता कालवता बायका हे बोलल्या, आणि वाढणाऱ्या अंजनाने ते ऐकलं. तिचा नवरा धनाजी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला खमक्या गडी. स्कूटी त्यानेच घेतली होती. त्याने पारावर जाणंच सोडलं.

पण अंजनाला खरं काय ते तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पुरुषमंडळी राख सावडायला गेली तेव्हा ही एकटीच चालत ओढ्याच्या वळणावर गेली. पोरगी पडली ती जागा तिला डोळ्यांनी बघायची होती. तिथे कुणीतरी बाजूला सारलेला एक दगड गवतात पडला होता. अर्धगोल, जात्याच्या पाळीचा, म्हणजे वरच्या गोल दगडाचा, तुटका तुकडा. त्यावर अडीच पाकळ्या कोरलेल्या. दगडाच्या कडेला स्कूटीचा लाल रंग खरवडून लागला होता.

आमच्याकडे उसाची ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला दगड लावतात. चाक बदललं की ट्रॅक्टर गाणी वाजवत निघून जातो, आणि दगड राहतो तिथेच, भर रस्त्यात. गाळप हंगामात असे दगड किती सापडतील याची गणती नको. तो उचलून बाजूला टाकायला किती वेळ लागतो? तंबाखू मळायला लागतो त्याच्या निम्मा.

आणि हा दगड कुणाचा, हे अंजनाला विचारावं लागलं नाही.

ती आणि शेजारची रंगुबाई एकाच वर्षी लग्न होऊन कुरणवाडीत आल्या. दोघी कोऱ्या सुना, दोघींच्या सासवा खाष्ट. मैत्री व्हायला आणखी काय लागतं? अंजनाचं माहेर शिराळ्याजवळचं. एकदा दोघी शिराळ्याच्या बाजाराला गेल्या आणि रंगुबाईने जातं घेतलं. पाथरवट वरच्या पाळीवर कमळ कोरत होता आणि रंगुबाई घासाघीस करत होती. ती थांबेना तेव्हा पाचव्या पाकळीला त्याने छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या पैशात एवढंच कमळ बसतंय, बाई." येताना एसटीत कंडक्टर जात्याचं तिकीट मागायला लागला. रंगुबाई म्हणाली, "अर्धं बी बसत न्हाई ह्येला. पाच वर्साच्या आतलं हाय." अख्खी एसटी हसली. इस्लामपूर येईपर्यंत दोघींच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

एकोणीसच्या महापुरात रंगुबाईची भिंत पडली आणि त्या पाळीचे दोन तुकडे झाले. एक तिने मोरीवर कपडे धुवायला टाकला. दुसरा तिच्या पोराने, ज्ञानूने, ट्रॉलीत टाकला. चाकाला लावायला. त्या वेळी अंजना तिथेच उभी होती.

तो दगड कमरेवर घेऊन ती घरी आली. रंगुबाईच्या तोंडावर नेऊन आपटायचा, एवढंच डोक्यात होतं. पण दारात रंगुबाईच उभी, भाकरीची पाटी घेऊन. घरात चूल पेटायची नव्हती म्हणून तीन दिवस ती दोन्ही वेळचं आणत होती. तिची नजर पडायच्या आत अंजनाने दगड गोठ्यात टाकला आणि आत आली. रंगुबाईने घास मोडून तिच्या तोंडात कोंबला. मागे ज्ञानू पाण्याची घागर घेऊन उभा होता, नजर जमिनीत गाडून. अंजनाने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि तिला उमगलं, याला माहीत आहे. माहीत असून याने नंदूच्या तिरडीला खांदा दिला. नंदू ज्याला दरवर्षी राखी बांधायची, तो हा.

अंजनाने तिथेच डूख धरला. नागांच्या शिराळ्याच्या बाजूची बाई. डूख धरणं म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. आत्ता बोललं तर चार माणसं हळहळतील, दोन माणसं मिटवामिटवी करतील, आणि पोरगी भरधाव ती भरधावच राहील. गावादेखत तिचं नाव गेलं, ते गावादेखतच परत आलं पाहिजे. आणि ज्ञानूच्या आयुष्यातला सगळ्यात गोड दिवस बघून आलं पाहिजे. तो दिवस कधी ना कधी येणारच होता. ती थांबायला तयार होती.

अवघड होतं ते दुसरंच. रंगुबाई तिला सुखाने दुःखही करू देईना. सकाळी विरजणाच्या निमित्ताने यायची, कारण तिच्या घरचं दही कधी धड लागायचं नाही. आली की तास तास हलायची नाही. अंजना बोलली नाही तर ही म्हशीशी बोलायची. नंदूचा वाढदिवस आला तेव्हा न सांगता पुरणपोळ्या करून घेऊन आली आणि म्हणाली, "तिला आवडायच्या म्हून केल्या. आपुनच खायच्या आता." दोघी रडल्या आणि दोघींनी खाल्ल्या. ज्ञानूचं लग्न ठरलं, शिराळ्याकडच्या पूजाशी, तर हिने सोयऱ्यांना निक्षून सांगितलं की आमच्या नंदूचं वर्षश्राद्ध झाल्याशिवाय मांडव घालणार नाही. अंजनाला तिच्या या चांगुलपणाची चीड यायची. जिच्यावर सूड उगवायचा ती निदान वाईट तरी असावी की नाही?

चैत्रात शेवया करायला दोघी अंगणात बसल्या. अंजनाचा मुलगा शंभूराज पंजाबात फौजेत. त्याची बायको सुट्टीला आली होती, सोबत चार वर्षांची पिंकी. रंगुबाईने पाटावर शेवया ओढता ओढता धनाजीची नक्कल सुरू केली. हवालदार म्हशीला कसे 'सावधान' करतात आणि म्हैस कशी 'विश्राम'मध्येच उभी राहते. पडवीत बसलेला धनाजी फसकन हसला. वर्षात पहिल्यांदा. आणि त्याला हसताना बघून अंजना अशी हसली की हातातला पिठाचा गोळा खाली पडला.

तेवढ्यात गोठ्यातून पिंकी ओरडली, "आज्जी, ह्ये फूल कुणी मोडलं?"

अंजना धावली. पोरीने गोणपाट उलगडलं होतं आणि दगडावर चिखलाची भाकरी थापली होती. अंजनाने तिला उचलून बाहेर काढलं, दगड झाकला आणि तिथेच खाली बसली. गळ्यात मघाचं हसू अजून होतं. त्याचाच तिला राग आला. पोरगी गेली आणि आपण हसतो, तेही हिच्याबरोबर. तिने झाकलेल्या दगडावर हात ठेवला. "इसरले न्हाई गं नंदू," म्हणाली. "म्हैनाच राह्यलाय."

वैशाखात हळदीचा दिवस उजाडला. सकाळपासून बँजोवाला माइकवर "हॅलो हॅलो" करत होता, सगळं गाव मांडवात होतं. आपल्याकडे मुहूर्ताची हळद जात्यावर दळतात. जात्याला हळकुंड बांधायचं, पाच सवाशिणींनी हात लावायचा, मग पुढचं कार्य. रंगुबाईने जातं मागून आणलं होतं. अंजना आली ती कापडी पिशवी घेऊन. आहेर असेल असं बायकांना वाटलं. वजनाने तिचा खांदा एका बाजूला कलला होता.

रंगुबाईने तिलाच आधी बोलावलं. तशी रंगुबाईची नणंद बनुबाई पुढे आली. "पयला हात तिचा नगं. जिचं लेकरू गेलं तिचा हात मुहूर्ताला लावत्यात व्हय?"

रंगुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिचा हात लागल्याबिगर हळद दळायची न्हाई. पटत नसंल तर जातं उचला, मांडव सोडा. लगीन न्हाई झालं तरी चालंल मला."

दुसऱ्या कुणाचं काळीज इथे विरघळलं असतं. अंजनाचं नाही. एक क्षण हात थांबला, एवढंच. मग तिने पिशवीतून गोणपाट काढलं, जात्याशेजारी ठेवलं आणि उलगडलं.

"रंगे, मागून कशाला आणलंस? ह्येच्यावर दळूया. आपलंच हाय."

बायकांना काही समजेना. रंगुबाईने दगडाकडे बघितलं, पाकळ्यांकडे बघितलं, लाल रंगाकडे बघितलं. तशीच मागच्या दारी गेली आणि मोरीवरचा तुकडा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. साबणाचा फेस त्यावरून ओघळत होता. तिने तो पहिल्याला जोडला. पाच पाकळ्या पुऱ्या झाल्या.

"कुठं घावला?"

"वड्याच्या वळणावर. तिसऱ्या दिशी."

रंगुबाईच्या तोंडावरचं रक्त उतरलं. याच चेहऱ्यासाठी अंजना चौदा महिने थांबली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

"ग्यानू!" रंगुबाईने हाक मारली. तो नव्या पांढऱ्या कपड्यांत आला. दोन तुकडे जोडलेले बघून जागीच थबकला.

"म्हाईत हुतं तुला?"

त्याने मान हलवली.

"कवापास्नं?"

"त्याच दिशी."

रंगुबाईने त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. बँजोवाल्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि पोराच्या तोंडासमोर धरला. हे अंजनाच्या बेतात नव्हतं. ती नुसता दगड दाखवणार होती.

"बोल," रंगुबाई म्हणाली. "समद्या गावाला ऐकू जाऊ दे."

ज्ञानू बोलायला लागला तेव्हा पहिली दोन वाक्यं नुसती खरखर आली. मग आवाज फुटला. "नंदू जोरात न्हवती. मोबाईल तिच्या सॅकमदी हुता, म्याच भाईर काडला. ट्रॉली पंक्चर झालीती. चाक बदाललं आन् दगड तसाच टाकून कारखान्यावर गेलो. परत आलो तर गर्दी हुती. दगड म्या गवतात सारला. कुणाला बोललो न्हाई."

कर्णे चौफेर लावले होते. अख्ख्या कुरणवाडीने ऐकलं. घरी पडवीत बसलेल्या धनाजीनेही ऐकलं. तो अनवाणी चालत आला, मांडवाच्या तोंडाशी छाती ताठ करून उभा राहिला.

"परत बोल," म्हणाला. "मोठ्यानं."

ज्ञानू परत बोलला. नंदू जोरात नव्हती. दगड माझा होता. तेराव्याला भात कालवता कालवता बोललेल्या दोघी बायका खांबाआड सरकल्या. अंजनाने त्यांना एकेक करून हुडकून त्यांच्याकडे बघितलं. मग दगडाचा आपला तुकडा उचलून, नवऱ्याबरोबर घरी आली.

त्या दिवशी हळद लागली नाही. ज्ञानूने चौकीत जाऊन जबाब दिला. केस उभी राहिली, तारखा पडायला लागल्या. धनाजी संध्याकाळी पारावर जाऊन बसायला लागला. आणि अंजनाच्या घरी विरजणाला कुणी आलं नाही.

गेली उडत, अंजना म्हणाली. पहिल्या दिवशी म्हणाली, दुसऱ्या दिवशी म्हणाली. पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की आपण सकाळी दोन कप चहा टाकतो आणि एक ओतून देतो. नंदूची आठवण सांगायला आता माणूस नव्हतं. धनाजीपुढे नाव काढलं की तो उठून जायचा; पिंकी परत गेली होती. ज्या बाईने नंदूला पहिली आंघोळ घातली होती, ती भिंतीपलीकडे होती आणि तिच्या भांड्यांचा आवाज इकडे येत होता. सूड घेतला याचा पस्तावा अंजनाला नव्हता. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेतला असता. पण घर खायला उठत होतं, तेही खरं.

दहाव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. दगड आता अंजनाने उंबऱ्याबाहेर मांडला होता, येणाऱ्याच्या पायात येईल असा. रंगुबाई त्याला वळसा घालून आली. हातात रिकामी वाटी.

म्हैस रवंथ करत होती.

"पूजाच्या बाचा फोन आलता," रंगुबाई म्हणाली. "दिवाळीनंतर बगू म्हणला."

"बरं."

"झालंच तर यीशील?"

"यीन. अक्षता टाकणार न्हाई."

"नगं टाकू. पंगतीला बस."

अंजनाने तिच्या डोळ्यांत बघितलं. "माफ न्हाई केलं मी त्येला."

"म्या तरी कुठं केलंय?" रंगुबाईने वाटी पुढे केली. "विरजण दे. दहा दीस झालं, दूध नासतंय घरात."

अंजनाने वाटी घेतली. चमचाभर घातलं, मग आणखी थोडं घातलं. आणि चुलीवरच्या भांड्यातून दोन कपांत चहा ओतला.