राघूअण्णांची वरची पट्टी

राघूअण्णा लोणचं खात नसत. कुणी बरणी पुढे केली की ते तळहात ताटावर आडवा धरत आणि म्हणत, "बेडा अम्मा, नको. गळ्याला काम आहे." ते काम आठवड्यातून एकदाच असे. म्हैसूरला एका हॉटेलच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी आमचा बँड वाजतो, आणि शेवटी अण्णा गिटार वाजवत एक जुनं अमेरिकन रॉक अँड रोल गाणं म्हणत. त्यातली एक ओळ इतकी वर जायची की ऐकणाऱ्याचाही गळा ताणला जाई.

अण्णांचं घराणं चार पिढ्या म्हैसुरात. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, बेस गिटार वाजवणारी. पहिल्या तालमीला माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "तुमचं मराठी कोरं आहे, नोडी, बघा. आमचं वापरून वापरून मऊ झालंय." जवळच्या हुणसूरला एका व्यापाऱ्याकडे त्यांनी तीस वर्षं तंबाखूची प्रतवारी केली. रोज शेकडो पानं हाताळली, हुंगली, पण एक विडी ओढली नाही. विडी, आइस्क्रीम, तिखट, लोणचं, सगळं त्या एका ओळीसाठी वर्ज्य. "माझ्या हातचं लिंबाचं लोणचं अख्खी गल्ली मागून नेते, यांनी चव म्हणून घेतली नाही," असं काकू आल्यागेल्याला ऐकवत.

साठी उलटली आणि ती ओळ फाटू लागली. डॉक्टरांनी घसा तपासला. असंच ताणत राहिलात तर बोलायचाही आवाज जाईल, म्हणाले. मी सुचवलं, "अण्णा, पट्टी उतरवू या ना."

"पायऱ्या चढवत नाहीत म्हणून डोंगरावरच्या चामुंडीला खाली बोलावतात काय?" अण्णा म्हणाले. "गाणं आहे तिथं आपण जायचं. सुम्ने, गुमान वाजव तू."

हट्टाला औषध नसतं. काही मार्ग निघतो का बघावं म्हणून मी मूळ रेकॉर्डिंग शोधलं. ते अण्णांच्या पट्टीहून चांगलं दोन सूर खाली होतं आणि बरंच संथही. अण्णांना हे गाणं कॉलेजात मिळालं होतं. एका मित्राने रेकॉर्ड प्लेयरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांना कॅसेट भरून दिली होती. त्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असणार. सेल उतरले की भरताना टेप हळू फिरते, आणि चांगल्या मशीनवर लावली की तेच गाणं भरभर, वरच्या पट्टीत वाजतं. "कॅसेट आहे की घरी" म्हणणाऱ्या अण्णांनी ते पुन्हा दुसरीकडे कुठे ऐकलंच नव्हतं.

सांगावं की नाही यात माझे दोन दिवस गेले. गप्प बसले तर त्यांचा गळा जाणार होता, आणि सांगितलं तर चाळीस वर्षांची ती ओळच खोटी ठरणार होती. शेवटी तालमीला मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि सेलचं सगळं सांगितलं. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. मग हेडफोनची वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"म्हणजे लोणचं चाललं असतं," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी गिटार पुसत बसले.

पुढच्या रविवारी अण्णा मूळ पट्टीत गायले. काही त्रास न होता, सहज. पण त्या ओळीपाशी गच्चीवरची सोबत गाणारी नेहमीची मंडळी सवयीने वरच चढली. लोक एका पट्टीत, अण्णा दुसऱ्या. त्यांनी गिटारवरचा हात थांबवला आणि लोकांची ओळ संपेपर्यंत ऐकत उभे राहिले. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "आयतु, माझं झालं. आता पुढच्या रविवारपासून तू म्हण. माझ्याच पट्टीत हं, खाली आणायची नाही. तुझा गळा पोचतो तिथं."

तेव्हापासून ते गाणं मी म्हणते. अण्णा घरून डबा आणतात आणि समोरच्या टेबलावर दहीभात खात बसतात. ओळ जवळ आली की चमचा ठेवतात आणि बोट वर करतात, अजून स्वल्प वर.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काकूंनी लोणच्याची बरणी पुढे केली आणि माझा तळहात आपसूक ताटावर आडवा गेला. अण्णांनी ते पाहिलं. त्यांनी बरणी आपल्याकडे ओढून घेतली.