भावोजींचा करंट

विजेला घाबरणारी माणसं पुष्कळ असतील, पण जन्मभर वीज कंपनीत नोकरी करून तिला घाबरणारा माणूस अख्ख्या अंधेरीत एकच आणि तो माझ्या ताईने नवरा म्हणून पसंत केला. साधा बल्ब बदलायचा तरी भावोजी घराचा मेन स्विच बंद करतात. मग फ्रिजमधल्या आइस्क्रीमचं पाणी झालं तरी बेहत्तर. ताईने इस्त्री करायची ती रबरी चपला घालूनच. एकदा मी ओल्या हाताने पंख्याचं बटण दाबलं, तर भावोजी भरल्या ताटावरून ओरडले, "मेलास तू!" मी मेलो नाही, याचं त्यांना किंचित वाईट वाटलं असावं.

अशा माणसाची कंबर धरली ती धरलीच. शेक झाले, तेलं झाली, गोळ्या झाल्या. खाली बसलं की कळ थेट पायात जायची, म्हणून टीव्हीसुद्धा ते उभ्याने बघत. त्यातच माझ्या भाचीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं. पाटावर बसून कन्यादान करायचं कसं? "धाकटा भाऊ बसेल की तुमच्या जागी," असं कुणीतरी सुचवलं, त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत. शेवटी भाचीच त्यांना फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. बरोबर मीही होतो. कमरेला चिकटपट्ट्या लावून छोट्या मशीनमधून हलका करंट सोडायचा, असं त्या बाईंनी सांगितलं तेव्हा भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मॅडम, याला अर्थिंग कुठाय?"

"काका, बॅटरीवर चालतं हे."

"मग? बॅटरीत काय ताक असतं?"

तरी मुलीकडे बघून ते पालथे झाले, रबरी चपलांसकट. मुंग्या यायला लागल्या तसे डोळे गच्च मिटले. बऱ्याच वेळाने उघडले आणि विचारलं, "कळ कुठे गेली?"

लग्नात पट्ट्या सोवळ्याच्या आत आणि मशीन कनवटीला, तेही बाईंना विचारून. भावोजी पाटावर ताठ बसलेले बघून मला हायसं वाटलं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." यजमानाच्या पुण्यात बायकोचाही वाटा, म्हणून ही रीत. ताईने हात पुढे केला आणि भावोजी भर मांडवात ओरडले, "हात लावू नकोस!"

गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला. व्याही मंडळी माना वळवून बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "आज तरी भांडू नका यार!" ताईला मात्र सगळं कळलं. "अहो, पुण्यात अर्धा वाटा घेते ना मी? मग करंटमध्येही घेते," म्हणत तिने त्यांचा हात घट्ट धरला. भावोजी क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती जिवंत आहे अशी खात्री पटल्यावर गुरुजींना म्हणाले, "चालू द्या." कन्यादान त्यांनीच केलं आणि पाटावरून उठले तेही आपले आपण. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

भाची आता बंगळुरूला असते. परवा संध्याकाळी गेलो, तर दोघं सोफ्यावर बसलेली, टीव्ही बंद.

"भावोजी, कंबर काय म्हणते?"

"झकास! आता कितीही वेळ बसता येतं रे," ते म्हणाले. मग भाचीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत हळूच म्हणाले, "बसतो दोघं."

मशीन चालू होतं आणि ताईचा हात त्यांच्या हातावर होता. त्यांनी तो काढायला सांगितलं नाही.