घट्ट पिळलेलं फडकं

लाकडी जमीन पुसायची असते, धुवायची नसते. एवढं एक वाक्य डोक्यात शिरायला माणसाला किती काळ लागावा? आमची मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून मी ते घरात सांगत आले. ती लग्न होऊन पुण्याला गेली, तरी ते कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. खरं तर एका माणसाच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं होतं, आणि माझा राग त्याच्यावरच आहे.

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचं छोटं रो हाउस आहे. मी कथक शिकवते. सुरुवातीला वर्ग खालच्या हॉलमध्ये मोझेकच्या फरशीवर चालायचा. सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर रोज पाय आपटत तत्कार केला की त्याचा मार गुडघे खातात. माझा उजवा गुडघा चाळिशीच्या आतच कुरकुरायला लागला. तेव्हा मी वर्गाच्या कमाईतून द्वारका चौकापुढच्या एका वखारीतून सागवान आणवलं, सुताराकडून आधी लाकडी पट्ट्यांच्या रिपा ठोकून घेतल्या आणि त्यांवर फळ्या बसवून घेतल्या. पाय आपटला की ती जमीन किंचित दबायची आणि पाय परत द्यायची. पहिल्या दिवशी मी एकटीच त्या हॉलमध्ये तासभर नाचले होते. या घरात माझ्या मालकीची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

सासर दिंडोरीकडचं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बाजाराला धाडणारी माणसं. त्यांच्या लेखी घर म्हणजे बादलीभर पाणी ओतून खराट्यानं खळाखळा धुवायची गोष्ट. पाणी वाहिलं नाही तर स्वच्छ झालं कसं म्हणायचं? सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्या बादली घेऊन हॉलच्या दारात आणि मी आतून दार अडवून उभी. शेवटी बादली मागे गेली. त्यानंतर आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "आमच्या सुनंच्या जमिनीला पाणी वर्ज्य हाय. बारा महिने एकादशी." माणसं हसायची, मीही हसायचे. पण त्या दिवसानंतर त्यांनी हॉलमध्ये पाण्याचा तांब्यासुद्धा हातात धरून कधी पाऊल टाकलं नाही. पाणी प्यायचं असेल तर उठून स्वयंपाकघरात जायच्या.

नवऱ्याची नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होती. पाळी संपवून यायचे तेव्हा बुटांच्या तळाला बारीक काळी कच असायची. ती फळीवर ओढली गेली की ओरखडा उठतो, हे मी एकदा दाखवलं, आणि तेव्हापासून ते फाटकापाशीच बूट काढू लागले. त्यांना जमिनीचं सगळं कळत होतं. पाहुणे आले की तेच कौतुकानं सांगायचे, लाकूड पाणी पितं, फुगतं, मग फळ्यांना एकमेकींत जागा उरत नाही आणि त्या उचलल्या जातात. यंत्रावरचा माणूस, समजावून सांगायची हौस. मीसुद्धा ऐकत उभी राहायचे. माझं म्हणणं कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकतंय, याचंच मला केवढं सुख. काय म्हणावं या भाबडेपणाला.

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात सासूबाई गेल्या. आजार थोडक्यात आटोपला. मालेगावला दिलेल्या थोरल्या नणंदबाई त्याच दिवशी आल्या आणि घराचा ताबा त्यांच्याकडे गेला. तो त्यांचा हक्कच होता, आई त्यांची होती. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमच्याकडे दहावा रामकुंडावर होतो आणि अकराव्या दिवशी सकाळी सुतक फिटलं म्हणून सगळं घर धुतात. पाणी, फिनेल, मग गोमूत्र. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधीच तयारी केली. दहाव्या दिवशी दुपारी गोदावरीवरून परत आल्यावर माणसं लवंडली, तेव्हा मी हॉल साफ करायला घेतला. एरवी वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी करते तसाच, आतपर्यंत.

ते काम असं असतं. खिडक्या उघडायच्या. मऊ झाडूनं सांध्यांमधली धूळ काढायची, कारण कच राहिली तर पुसताना तीच घासली जाते. मग कोमट पाण्याची छोटी बादली, त्यात अगदी थेंबभर सौम्य साबण. जास्त झाला तर त्याचा थर बसतो आणि नाचणाऱ्या पोरी सरकून पडतात. फडकं बुडवायचं आणि मनगटं दुखेपर्यंत पिळायचं, इतकं की धरून ठेवलं तर एक थेंब खाली पडता कामा नये. लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडेच हात फिरवायचा. हातभर जागा पुसली की लगेच कोरड्या फडक्यानं टिपायची आणि मगच पुढे सरकायचं. फिनेल नाही, ॲसिड नाही, लिंबू-व्हिनेगरचे मोबाइलवर येणारे उपाय तर नाहीतच. सगळं झालं की एका कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवून बघायचा. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला तर पॉलिश शाबूत आहे. पसरून आत मुरला तर लाकूड उघडं पडलंय.

त्या दिवशी थेंब छान उभा राहिला होता.

चहाच्या वेळी मी वन्संना म्हटलं, "वन्सं, हॉल मी नीट पुसून घेतलाय. उद्या गोमूत्र फडक्यावर घेईन, पिळीन आणि सगळीकडून फिरवीन. पाणी नको टाकायला, लाकूड आहे."

त्या कपातून वर न बघता म्हणाल्या, "बरं बाई, तुझ्या मनासारखं."

नवरा शेजारीच बसला होता. त्यांनीही होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, मिटलं.

सकाळी उठल्या उठल्या ते म्हणाले, "तू रविवार कारंज्यावर जाऊन ये. तेराव्याचा शिधा आणि पूजेचं सामान आणायचंय. तुला त्यातलं कळतं, दुसऱ्या कुणाला पाठवलं तर काहीतरी भलतंच आणतील." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या घरात इतक्या दिवसांत मला कुणी काही कळतं असं म्हटलं नव्हतं. मी पिशव्या घेऊन बाजाराला निघाले.

परत आले तेव्हा व्हरांड्यात पलंगावर माझा तबला-डग्गा, हार्मोनियम आणि घुंगरांची पेटी रचून ठेवलेली होती. वर चादर टाकून तिच्या कडा चारी बाजूंनी खोचलेल्या. अशी चादर आमच्या घरात एकच माणूस खोचतो. तबल्यावर शिंतोडा उडू नये म्हणून एवढी काळजी घेतली होती, तेव्हा आत काय झालं असेल ते मला दारातच कळलं.

बागेचा पाइप खिडकीतून आत घेतलेला होता. वन्सं आणि त्यांच्या दोन जावा पदर खोचून खराट्यानं पाणी ढकलत होत्या. पण मोझेकला मोरीकडे उतार असतो, लाकडी जमिनीला नसतो, आणि दाराला चांगला उंच उंबरठा. पाणी जाणार कुठे? ते तिथेच साचलं होतं आणि वर फिनेलचा पांढरा तवंग फिरत होता. फळ्यांच्या सांध्यांतून बुडबुडे येत होते. खाली रिपांमधल्या पोकळीत पाणी उतरत होतं.

मी पिशव्या टाकल्या, कपाटातले होते नव्हते तेवढे टॉवेल काढले आणि गुडघ्यांवर बसून पाणी टिपायला लागले. एक पिळायचा, दुसरा टाकायचा. मला रडू आवरत नव्हतं. जमलेल्या बायका बघत होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल असंच म्हणाली, "सासू गेली तव्हा एवढी नाय रडली."

खरं होतं. नव्हतेच रडले. सासूबाई जाताना माझं काही घेऊन गेल्या नव्हत्या.

वन्सं म्हणाल्या, "अगं, आईचं सुतक. पाण्याबिगर फिटतं का? वाळंल की दोन दिसात." त्यांच्याशी मी भांडले नाही. त्यांना खरंच वाटत होतं की वाळेल. त्यांच्या आईसाठी त्या जे करत होत्या ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं, आणि लाकडाबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. नवरा वरच्या मजल्यावर होता. एकलहऱ्याचा, पाहुण्यांना लाकूड कसं पाणी पितं ते समजावून सांगणारा माझा नवरा वरच्या खोलीत दार लावून बसला होता आणि जेवायची वेळ झाल्यावर खाली आला.

बाहेर पावसाची झड लागलेली, हवेत ओल. अशा दिवसांत काय वाळणार? दोन्ही पंखे मी रात्रंदिवस चालू ठेवले. तेरावं होईस्तोवर जमीन निमूट पडून राहिली आणि मग उठली. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आणि मधला भाग खाली, पन्हाळीसारखा. सुतार बघून म्हणाला, ओल आहे तोवर रंधा लावू नका, पुरतं सुकू द्या, कदाचित थोडं बसेल. हिवाळ्यात काही फळ्या बसल्या. बहुतेक बसल्या नाहीत. दारापाशी तर दोन फळ्या खालच्या रिपेपासूनच सुटल्या.

तरी मी वर्ग सुरू केला, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीच्या अंगठ्याचं नख उचललेल्या कडेत अडकून मुळापासून निघालं. तिची आई चांगली, काही बोलली नाही. मीच वर्ग बंद केला. आता एका शाळेच्या हॉलमध्ये शिकवते. खाली कोटा फरशी आहे आणि माझ्या गुडघ्यावर पट्टा आहे. शिकवते म्हणजे खुर्चीवर बसून हातानं ताल देते. नाचून दाखवणं संपलं.

त्या हिवाळ्यात नवरा एक दिवस टाइल्सचे नमुने घेऊन आला. "व्हिट्रिफाइड बसवून टाकू," म्हणाला. "वर्षश्राद्धाच्या आत होऊन जाईल. कटकट मिटेल, हवं तसं धुता येईल."

मी विचारलं, "मला त्या दिवशी रविवार कारंज्यावर का पाठवलंत?"

ते नमुने खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "तू घरात असतीस तर तमाशा झाला असता. अक्काला त्या दिवशी मी नाही कसं म्हणणार होतो?"

"झाला असता तमाशा," मी म्हटलं. "पण जमीन राहिली असती."

त्यांच्या दृष्टीनं त्यांनी कुणालाच दुखावलं नव्हतं. बहिणीला नाही म्हणाले नाहीत, माझ्याशी भांडले नाहीत, तबलासुद्धा नीट झाकला. त्यांना सगळ्यांशी चांगलं राहायचं होतं आणि त्याची किंमत माझ्या पायाखालून गेली. मला त्या वेळी सासूबाईंची फार आठवण आली. त्या बादली घेऊन समोर उभ्या राहिल्या, तोंडावर भांडल्या. मला काहीतरी कळतं असं सांगून त्यांनी कधी बाजारात पाठवलं नाही.

टाइल्स मी बसवू दिल्या नाहीत. जमीन आहे तशीच ठेवली. तिच्यावर वर्ग होत नाही, पाहुण्यांना बसवता येत नाही, खुर्ची ठेवली तर डुगडुगते. नवऱ्याला सकाळी फुलझाडांना पाणी घालायला त्याच हॉलमधून जावं लागतं. रोज दारापाशी त्यांची चप्पल त्या उचललेल्या कडेला अडते. अडली की ते थांबतात, पाय उचलून पुढे टाकतात. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकते. यात मला समाधान मिळतं असं म्हटलं तर माणसं मला वाईट म्हणतील. म्हणू देत.

तरी दिवाळीच्या आधी मी ती साफ करते, पूर्वी करायचे तशीच. यंदाही खिडक्या उघडल्या, कच काढली. गुडघा वाकत नाही म्हणून आता पाटावर बसून करते. पाणी कोमट करून आणलं आणि बघते तर नवरा लेंगा वर करून जमिनीवर बसलेला, हातात माझं फडकं. निवृत्त झाल्यापासून त्यांना मधूनमधून मदत करायची हुक्की येते. "आज मी करतो," म्हणाले. "तुझा गुडघा दुखतो."

आवाजात खरंच माया होती. ती मला ओळखू येते. मी बादली त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी फडकं बुडवलं, पिळलं आणि उचललं. त्यातून पाणी ठिबकत होतं. थेंब फळीवर पडला, पसरला आणि आत मुरला. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

मी फडकं त्यांच्या हातातून घेतलं. आतून पिशवी आणून त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही रविवार कारंज्यावर जाऊन या," मी म्हटलं. "उटणं आणि पणत्या आणायच्यात. तुम्हाला त्यातलं कळतं."

ते हात टेकून उठले आणि पिशवी घेतली. दारापाशी त्यांची चप्पल अडली. फाटक वाजल्यावर मी पाट पुढे ओढला आणि फडकं पुन्हा पिळायला घेतलं.