दोन सूत आखूड

सकाळचे पाच चाळीस. आजोबांच्या सुतारकामाच्या दुकानात नात एका खणाला रंधा मारत होती, आणि मारता मारता तिला कळून चुकलं होतं की हे असं निभणार नाही. शेजारी आणखी पाच खण उभे होते. सहाही औषधवाल्याच्या काउंटरचे आणि सहाही रुंदीला जास्त. काल संध्याकाळी एकही आत गेला नव्हता. औषधवाल्यानं गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं होतं, “उद्या नऊपर्यंत बसले तर ठीक, नाहीतर मी मोठ्या दुकानातून तयार आणतो. तुझे आजोबा असते तर...” पुढचं त्यानं गिळलं, पण ऐकायचं त्यांनी ऐकलं. आजोबा गेल्यानंतर तिनं एकटीनं घेतलेलं हे पहिलंच काम.

आजोबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर फिटर होते. पहिली पाळी संपवून तीनला घरी यायचे, वीस मिनिटं डोळा लावायचे आणि साडेतीनला दुकानात उभे. आधी गिऱ्हाइकांची कामं, मग घरची. आणि घरची कधी संपायची नाहीत. आजी ठेंगणी म्हणून त्यांनी स्वयंपाकाचा ओटा चार बोटं खाली घेतला. उंच मुलगे भांडी घासताना कंबर धरून कुरकुरायचे. “आईच्या मापाचा आहे. तुम्ही वाका,” एवढंच उत्तर मिळायचं. थोरली मुलगी रात्रपाळीला जायची. तिच्यासाठी दाराची कडी त्यांनी अशी घासून ठेवली होती, की ती घरी आल्याचं दारातल्या चपलांवरूनच कळायचं. खिशातून लाकडी फूटपट्टी कायम डोकावायची, म्हणून गल्ली त्यांना पट्टीआजोबा म्हणायची.

नातीकडे स्टीलची नवीकोरी टेप होती. पण पहिलं काम आजोबांच्या पट्टीनंच मोजायचं, हा तिचा हट्ट. काउंटरची मापं तिनं त्या पट्टीनं घेतली. लाकूड कापलं ते करवतीच्या टेबलावरच्या मापानं.

आजी चहा घेऊन आली. तिनं खण पाहिले, मग पट्टी पाहिली.

“यानं मोजलंस?”

“मग कशानं मोजणार?”

“अगं शहाणे, ही दोन सूत आखूड आहे! सुरुवातीचं टोक मोडलंय तिचं, कधीचं.”

नातीनं पट्टी टेपला लावली. खरंच पाव इंच कमी. मोडकं टोक इतक्या सफाईनं घासलेलं, की संशय येऊ नये. उंचीला आणि खोलीला तिनं सैल ठेवलं होतं, ते निभलं. रुंदीला मात्र पट्टी दोनदा ठेवावी लागली होती, म्हणजे माप चार सूत जास्त आलं. पंधरा इंच म्हणून लिहिलं, ते मुळात साडेचौदा.

“आणि आजोबा?”

“ते मनातल्या मनात वजा करायचे. दर खेपेला दोन सूत.”

“नवी घ्यायची नाही का मग!”

“माझ्या वडिलांनी दिलेली होती ना. टाकली तर मी तोंड सोडेन, ही धास्ती.” आजीनं कप खाली ठेवला. “सोडलंच असतं.”

“मला तरी सांगायचंस.”

“तू कधी विचारलंस? आजी म्हणजे काय, चहाचं मशीन.”

किती कापायचं ते आता कळलं होतं. शिवाय आजोबांचा एक नियम तिनं पाळला होता: जागेवर बसवून पाहिल्याशिवाय सरस लावायचा नाही, तोवर नुसते स्क्रू. त्यामुळे खण न मोडता सुटे झाले. ती पुढची, मागची आणि तळाची फळी अर्धा अर्धा इंच कापत गेली, आजी वाटीत स्क्रू जमवत गेली. मधे एक स्क्रू हरवला, तेव्हा दोघी गुडघ्यांवर बसून भुसा चाळत राहिल्या. साडेआठला सहावा खण उभा राहिला.

पावणेनऊला पहिला खण काउंटरमध्ये सरकला, न अडता, न खडखडता. औषधवाल्यानं सहाही दोन-दोनदा ओढून पाहिले.

“तुझे आजोबा असते तर...”

“तर एव्हाना चहा मागितला असता,” नात म्हणाली.

त्यानं समोरच्या टपरीकडे दोन बोटं दाखवली. “आणि मागच्या भिंतीची कपाटं कधी मोजतेस?”

उद्या सकाळी आठला ती तिथे माप घ्यायला जाणार आहे. स्वतःचं दुकान ती उद्या साडेनऊला उघडेल.